चौदाव्या पेवाची चिठ्ठी

सातारा,
६ ऑक्टोबर १९९७

तीर्थरूप हरीकाका यांस,
सुमंतचा शिरसाष्टांग नमस्कार.

एक आनंदाची बातमी सविस्तर कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्या मसाल्याच्या कंपनीचे मध्यवर्ती यंत्र परवा सातारच्या कचेरीत सुरू झाले. वाई आणि कऱ्हाड येथील दुकाने त्याला जोडून झाली. दिवाळी आटोपली की सांगलीला, हरिपूरच्या वाटेवर तुम्ही सांभाळता त्या हळदीच्या पेवांवर, त्याचे एक टर्मिनल येईल. ते तुमच्या टेबलावर येऊन बसण्यापूर्वी त्याचे स्वरूप तुम्हाला माझ्याकडून समजावे, अशी माझी इच्छा आहे.

ते दिसायला संगणकासारखे असले, तरी संगणक नव्हे. त्याला पडदा आहे, कळफलक आहे, देवनागरी अक्षरे उमटवण्याची सोय आहे. स्मरण मात्र नाही. तुम्ही दाबलेले प्रत्येक अक्षर टेलिफोनच्या तारेवरून साताऱ्याला येते, येथील यंत्र त्यावर विचार करते आणि उत्तर तुमच्या पडद्यावर पाठवते. साताऱ्यात आपल्या घरी नळ आहे, पण नळात पाणी साठलेले नसते. पाणी वर कासच्या तलावात असते आणि तोटी फिरवली की ते आपल्यापर्यंत पोचते. टर्मिनल ही केवळ तोटी आहे.

याचा लाभ असा, की पेवांवरची हळदीची धूळ कोणत्याही संगणकाला वर्षभरात मारून टाकील. टर्मिनल मेले तर मात्र काहीच बिघडणार नाही. दुसरे आणून ठेवायचे, आणि पहिल्याने जेथे वाक्य सोडले तेथून दुसऱ्याने पुढे लिहायचे.

आता एक विनंती. पेव उघडण्याची तुमची रीत मला क्रमवार लिहून कळवा. तुम्हाला क्षुल्लक वाटेल ती पायरीही गाळू नका. मी ती जशीच्या तशी आज्ञावलीत उतरवणार आहे.

काकूंना नमस्कार. भार्गवीस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
सुमंत


सांगली,
१४ ऑक्टोबर १९९७

चि. सुमंत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा तुझ्या काकूने, पद्माने, वाचून दाखवले, कारण संध्याकाळी मला अक्षरे जुळी दिसू लागली आहेत. मिरजेच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकल्याचे सांगितले आहे.

तू विचारलेस म्हणून लहानपणी तुला दाखवलेलेच पुन्हा लिहितो. आपली पेवे चाळीस, सगळी जमिनीत खणलेली. प्रत्येकाचे तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढे, पोट मात्र खोलीएवढे, आणि तळ पंचवीस फुटांवर. हळद भरली की वर चटया, त्यावर माती आणि त्यावर दगडी झाकण. बंद पेवातली हवा मरते. त्या हवेत उतरलेला माणूस हाक मारण्यापूर्वी खाली बसतो, आणि बसला की उठत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी झाकण काढायचे, तोंडावर बांबूचे डालगे पालथे घालायचे आणि तेथून निघून जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. मी शंभरपर्यंत आकडे मोजतो. कंदील विझून वर आला, तर त्या दिवशी ते पेव कोणाचे नाही. पेटता आला, तर मी चिठ्ठी लिहितो. तिच्यावर पेवाचा क्रमांक, तारीख आणि माझी सही एवढेच असते. आष्ट्याचा आपला गुंडा ती पटक्यात खोचतो, कमरेला दोर बांधतो आणि उतरतो. छत्तीस वर्षांत चिठ्ठीवाचून कोणी उतरले नाही, आणि कंदिलावाचून मी चिठ्ठी लिहिली नाही. गुंडाला वाचता येत नाही. आकडे तेवढे ओळखतो. तो चिठ्ठी पाहतो आणि उतरतो. कंदिलाकडे तो पाहतसुद्धा नाही, ते काम माझे.

तुझ्या यंत्राची वार्ता अंगणात पोचली आहे. गुंडा मला म्हणाला, "आवं काका, पुतन्याला इचारा की, त्ये मशीन खाली उतरंल का? म्हंजी मी वर बसून चिठ्ठ्या फाडतो." हळद चाळणारी दगडाबाई चाळणी न थांबवता म्हणाली, "बसायची लय हौस हाय रं तुला. मशीन उतराय लागलं तर कंपनी तुला कशाला ठेवंल, काकांचा कंदील पुसाया?"

आता माझी शंका. नळाचा दृष्टान्त मला पटला. पण नळाला पाणी येईनासे झाले, तर घरात भरलेली घागर असते. तुझ्या यंत्रापाशी घागर कोठे आहे?

दुसरे, टेलिफोनची तार यंत्राला दिली, तर आम्ही बोलायचे कशावर? कचेरीच्या बाहेरच्या भिंतीवर मी मोठी घंटा बसवून घेतलेली आहे. ती शेवटच्या पेवापर्यंत ऐकू जाते आणि दगडाबाई धावत येऊन मला बोलावते. तिची काय व्यवस्था?

तुझा,
हरीकाका


सातारा,
२२ ऑक्टोबर १९९७

तीर्थरूप हरीकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या शंका इतक्या मूलभूत आहेत, की आमच्या अभ्यासवर्गात कोणी त्या विचारल्या असत्या तर गुरुजींनी त्याला पहिल्या बाकावर बसवले असते. एकेक घेतो.

घागर मुद्दामच ठेवलेली नाही. घागरी दोन झाल्या, की कोणत्या घागरीतले पाणी ताजे, हा वाद सुरू होतो. सांगलीच्या वहीत एक आणि सातारच्या वहीत दुसरेच, यातूनच आजवरचे घोटाळे झाले. सत्य एकाच जागी असावे आणि सर्वांनी ते तेथून पाहावे, हा या रचनेचा गाभा आहे.

तार तुटली तर काय? तुम्ही चिठ्ठी मागितली आणि त्याच क्षणी तार तुटली, असे समजा. चिठ्ठी हरवत नाही. ती साताऱ्याच्या यंत्रात रांगेत उभी राहते. तार जुळताच, कोणीही न सांगता, ती तुमच्या टर्मिनलला जोडलेल्या प्रिंटरवर छापून बाहेर पडते. तारीखही यंत्रच घालते, छापण्याच्या क्षणाची. तारीख चुकणे हा मनुष्यधर्म आहे, यंत्राला तो ठाऊक नाही.

आज्ञावलीत मी दोन नोंदी ठेवल्या आहेत. पहिली 'झाकण काढले' आणि दुसरी 'चिठ्ठी दिली'. कंदिलासाठी वेगळा रकाना ठेवलेला नाही. तुम्हीच लिहिले आहे, की कंदील पेटता आल्यावाचून चिठ्ठी मागितलीच जात नाही. म्हणजे चिठ्ठीच्या पोटात कंदील आलाच. एकच गोष्ट दोनदा लिहू नये, हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम आहे.

टेलिफोनविषयी. सकाळी नऊ ते बारा तार यंत्राकडे राहील, त्या वेळात फोन लागणार नाही. बारानंतर तो तुमचाच. फक्त बाहेरच्या घंटेचा लोलक चिंधी बांधून बंद ठेवावा. ती वाजली की माणसे सवयीने धावत येऊन फोन उचलतात, आणि यंत्रांची जोडणी मध्येच तुटते. वाईला हे दोनदा घडले. टर्मिनल चालवण्यासाठी जयराज घोरपडे येतील. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते. शिस्तीचे गृहस्थ आहेत.

आपला,
सुमंत


सांगली,
१९ नोव्हेंबर १९९७

चि. सुमंत यास,
आशीर्वाद.

यंत्र सुरू होऊन पंधरा दिवस झाले. मी ते निंदणार नाही. नऊच्या ठोक्याला जयराज खुर्ची ओढतो आणि पडद्यावर अक्षरे उमटू लागली, की अंगणातले चार जण दारातून डोकावतात. चिठ्ठी छापून बाहेर येते तेव्हा प्रिंटर असा ओरडतो, की दगडाबाईने त्याला "कोंबडी बसली" असे नाव दिले आहे.

गुंडावर झालेला परिणाम तुला सांगण्याजोगा आहे. माझ्या हातची चिठ्ठी तो संध्याकाळी विडी पेटवायला वापरत असे. छापील चिठ्ठ्या मात्र त्याने जपून ठेवल्या आहेत. मी विचारले, तर म्हणाला, "काका, तुमच्या चिठ्ठीवर तुमी एकटं. हिच्यावर आख्खी कंपनी हाय." त्याची बायको अंजना त्या देवापाशी ठेवते म्हणे. जयराजचेही तसेच. साताऱ्याहून आलेला प्रत्येक कागद त्याला हुकूम वाटतो. "काकासाहेब, वरून आलेल्या ऑर्डरला सवाल नसतो," असे तो मला परवा म्हणाला. मी हसलो, पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले.

घंटेला चिंधी बांधली आहे. ती बांधताना दगडाबाईने विचारले, "मयताच्या तोंडाला बांधत्यात तशी कशापायी बांधताय?"

सोमवारी, ८ डिसेंबरला दुपारी मी मिरजेला दाखल होईन. मंगळवारी शस्त्रक्रिया. नंतर महिनाभर वाचन नाही. माझ्यामागे कंदील कोणी सोडायचा, हे तुझ्या यंत्रात कोठे लिहिले आहे का, ते कळव.

हरीकाका


सातारा,
२६ नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप हरीकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुंडाची गोष्ट मी कचेरीत सर्वांना वाचून दाखवली. नव्या साधनावर माणसाचा विश्वास असा बसावा, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? ११ डिसेंबरला संचालक मंडळी प्रात्यक्षिक पाहायला येणार आहेत. तेव्हा सांगलीचेच उदाहरण दाखवणार आहे.

कंदिलाचे काम जयराजना सांगून ठेवावे, ते यथास्थित करतील. आपण निश्चिंत मनाने डोळा करून घ्यावा. आपण नसताना सर्व काही साताऱ्याच्या यंत्रात सुरक्षित आहे.

आपला,
सुमंत


मिरज,
१५ डिसेंबर १९९७

चि. सुमंत यास,
आशीर्वाद. अक्षर भार्गवीचे आहे, शब्द माझे.

शस्त्रक्रिया नीट झाली. उजवा डोळा बांधलेला आहे आणि डाव्याला भिंत व माणूस यांतला भेद हालचालीवरून कळतो. वेळ जात नाही, म्हणून मनातल्या मनात पेवे मोजतो.

चौदाव्या पेवाशी माझे मोजणे अडते. सोमवारी सकाळी निघण्यापूर्वी मी चौदात कंदील सोडला होता. पेटता आला. जयराजला चिठ्ठी मागायला सांगितली, त्याने मागितली, आणि प्रिंटर ओरडण्यापूर्वीच तार तुटली. माझी बस होती. दुपारपासून आभाळ भरून आले, म्हणून मंडळींनी चौदा पुन्हा चटया घालून, माती लिंपून बंद केले, एवढे पद्माकडून कळले. पुढचे कोणी सांगत नाही. मी विचारले की भार्गवी औषधाची वेळ झाली म्हणते. एवढी औषधे मला आहेत तरी का?

ती चिठ्ठी आली का, आणि आली तर कधी, तेवढे कळव.

हरीकाका

ता. क. सुमंतदादा, हे मी माझ्या मनाने लिहीत आहे. बाबांना काहीच सांगितलेले नाही. डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको, रडणे तर मुळीच नको, असे बजावले आहे. गुंडाकाका याच इमारतीत खालच्या मजल्यावर आहेत. चार दिवस झाले, अजून डोळे उघडलेले नाहीत. अंजनाकाकू जिन्यात बसून असतात. मी वर जाताना पदर तोंडात धरतात, आवाज वर जाऊ नये म्हणून. नेमके काय झाले, ते मला तरी लिही. बाबांना वाचून दाखवण्यासाठी चार ओळी वेगळ्या दे.
— भार्गवी


सातारा,
१८ डिसेंबर १९९७

चि. भार्गवीस,
आशीर्वाद.

काय झाले ते क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिण्यावाचून मला दुसरे काही येत नाही. सर्व वेळा यंत्रात मिनिटानिशी नोंदलेल्या आहेत. त्यांतली एकही हरवलेली नाही.

सोमवारी तुटलेली तार गुरुवारी, ११ तारखेला सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी जुळली. ऊन पडले होते, म्हणून मंडळींनी चौदाचे झाकण त्याच सकाळी पुन्हा काढले. उघडून ठेवायचे आणि उतरायचे ते काका आल्यावर पाहू, असे ठरले होते. नऊ बाराला जयराजनी 'झाकण काढले' ही नोंद केली. नऊ चौदाला सोमवारची चिठ्ठी रांगेतून सुटली आणि तेथील प्रिंटरवर छापली गेली. तिच्यावर यंत्राने तारीख घातली ११ डिसेंबर.

त्या वेळी माझ्यामागे पाच संचालक उभे होते. मी म्हणालो, "पाहा, तीन दिवस तार नव्हती, पण हुकूम हरवला नाही." त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर माझी दृष्टी वरच्या ओळीवर गेली. झाकण काढून दोन मिनिटे, आणि चिठ्ठी. मध्ये रात्र नाही. मध्ये कंदील नाही.

तिकडे जयराजनी चिठ्ठी गुंडाच्या हाती दिली होती. जयराज मला नंतर म्हणाले, "साहेब, कागद साताऱ्याहून आला. तुम्ही बघूनच पाठवला असणार, असं मी समजलो." गुंडाने तारखेचा आकडा पाहिला. "आजचीच हाय न्हवं?" एवढेच त्याने विचारले. जयराज म्हणाले, "आजचीच." गुंडाला वाटले, चिठ्ठी आली म्हणजे जयराजनी कंदील सोडला असणार. जयराजना वाटले, चिठ्ठी आली म्हणजे साताऱ्याने सर्व पडताळले असणार. आणि साताऱ्यात तर मी होतो.

नऊ एकोणिसाला मी त्यांच्या पडद्यावर निरोप पाठवला: पेव चौदामध्ये कोणी उतरू नये. तो पोचला. पोचल्याची खूण माझ्याकडे आली. पण खुर्ची रिकामी होती, कारण जयराज दोर धरायला गेले होते. मी पुन्हा पाठवला. अकरा वेळा पाठवला आणि अकराही वेळा तो पोचला. मग तो निरोप त्यांच्या पडद्यावरून पुसला जाऊ नये, म्हणून मी तो आज्ञावलीच्या पहिल्याच ओळीत बसवला. का, ते आता मला सांगता येणार नाही.

नऊ तेविसाला मी जोडणी तोडून फोन लावला. माझ्या कानात ती घंटा वाजताना ऐकू येत होती. चाळीसपर्यंत मी मोजले. मिनिटाभरात दगडाबाई धावत आली असती. लोलकाला चिंधी होती, आणि ती बांधायला मीच लिहिले होते. शेवटी सांगली गावातल्या कचेरीत फोन लागला. तेथून एक गृहस्थ स्कूटरवर निघाले. ते पोचेपर्यंत गुंडाला वर ओढले होते. हाकेला उत्तर येईना, तेव्हा दोर ओढला, पण तो वाकलेल्या अवस्थेत तोंडापाशी अडकला. सहा-सात मिनिटे गेली. दोर पुन्हा सैल सोडला तेव्हा दुसरा एक जण उतरायला निघाला, त्याला दगडाबाईने तोंडावर आडवे पडून अडवले. नाहीतर दोघे गेले असते.

भार्गवी, या रचनेतला एकही भाग बिघडला नाही. प्रत्येकाने सांगितले होते तेच केले.

काकांना एवढेच वाचून दाखव: "चौदाची चिठ्ठी आली. पेवांवर सर्व ठीक आहे. आपण प्रकृतीस जपावे."

तुझा,
सुमंतदादा


सांगली,
२० जानेवारी १९९८

चि. सुमंत यास,
आशीर्वाद.

आज चष्मा मिळाला. हे पहिले पत्र माझ्या हाताने लिहीत आहे, ओळी चढल्या-उतरल्या तर समजून घे.

भार्गवीने तुझ्या तीन ओळी वाचल्या, तेव्हाच मला कळले. लहानपणापासून तू मला लिहीत आलास, आणि कारण दिल्यावाचून तू कधी एक वाक्यही लिहिले नाहीस. "सर्व ठीक आहे" असे तू लिहिलेस, आणि ते का ठीक आहे हे लिहिले नाहीस. मी रात्री भिंत धरून जिना उतरलो. जिन्यात अंजना होती. ती म्हणाली, "काका, तुमी हुता कुटं?" वरच्या मजल्यावर होतो, हे सांगवेना.

आता तुझ्यापासून लपवलेले लिहितो. नोव्हेंबरच्या पत्रात तू लिहिलेस, की कंदिलाचे काम जयराजला सांगावे. मी सांगितले नाही. सोमवारी चौदातून कंदील वर आल्यावर मी तो पुसला आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवला. किल्ली जानव्याला बांधून मिरजेला गेलो. मनात असे, की आठ दिवस एकही पेव उघडू नये, आणि हळद मागायला आलेल्याला कंपनीने सांगावे, हरीपंत नाहीत, थांबा. चिठ्ठी यंत्राने घेतली होती. कंदील तरी माझा राहावा, एवढा माझा हट्ट होता. कंदील नाही तर कोणी उतरणार नाही, असे मी धरून चाललो. गुंडा कंदिलाकडे पाहत नाही, हे मीच तुला लिहिले होते.

तू रकाना ठेवला नाहीस आणि मी कंदील ठेवला नाही. हे जयराजला सांगितले तेव्हा तो उभा राहिला आणि पुन्हा बसला.

गुंडा घरी आला आहे. चालतो, जेवतो, अंजनाला ओळखतो. चाळीस पेवे तो अंधारात पायांनी ओळखायचा. आता अंगणात उभा केला, तर झाकणे दिसत असून कोठे उभे आहोत ते त्याला कळत नाही. सकाळचे दुपारी आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, एवढे राहील. चौदा आम्ही मातीने बुजवले.

हरीकाका


सातारा,
२ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप हरीकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र मी फाडून टाकणार होतो, म्हणजे ते कोणाच्या हाती लागू नये. फाडले नाही. आपण कंदील कुलपात ठेवला तो माझ्या पत्रानंतर, हा क्रम मला दिसतो. क्रम मला नेहमीच दिसतो.

आज्ञावलीत कंदिलाचा रकाना घातला आहे. चिठ्ठी एक दिवस जुनी झाली की आता ती आपोआप रद्द होते. हे करायला मला चाळीस मिनिटे लागली. कंपनीचा चौकशी अहवाल आला. त्यात "यंत्रणा निर्दोष आढळली" असे वाक्य आहे. मी त्याखाली काही लिहू पाहिले, तर मला सांगण्यात आले, की अहवालात अभियंत्याच्या भावनांसाठी जागा नसते. एप्रिलपासून आणखी सहा ठिकाणी टर्मिनल बसवायची आहेत आणि ते काम माझ्याकडेच आहे. राजीनामा लिहिला होता. साहेब म्हणाले, "तुम्ही गेलात तर हे कोणाला समजते?" ते खरे होते, म्हणून परत घेतला.

एक गोष्ट आपल्याला विचारायची आहे. त्या दिवशीचा निरोप अजून आज्ञावलीच्या पहिल्या ओळीत आहे. रोज सकाळी तुमच्याकडचे टर्मिनल सुरू झाले, की प्रथम तोच उमटतो. चौदा बुजवलेले आहे, तेव्हा त्या ओळीला आता काही अर्थ नाही. कचेरीतून ती काढून टाकण्याची सूचना आली आहे. एक कळ दाबायची आहे. मी रोज त्या ओळीपर्यंत जातो आणि परत येतो. काढू का? आपण सांगाल तसे करीन.

आपला,
सुमंत


सांगली,
१४ फेब्रुवारी १९९८

चि. सुमंत यास,
आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येईल, म्हणून मी दहा दिवस थांबलो. ते मिळाले नाही. रोज सकाळी येथे काय होते तेवढे लिहितो, पुढचे तू ठरव.

घंटेची चिंधी दगडाबाईने स्वतः सोडली. कंदील आता दाराशी उघड्या खुंटीवर असतो. अंजना चाळणीच्या कामाला येऊ लागली आहे आणि गुंडाला घरी एकटे ठेवता येत नाही, म्हणून त्याला बरोबर आणते. तो कचेरीच्या पायरीवर बसतो. दगडाबाई त्याला पूर्वीसारखीच टोचते, "आता तरी भागली का रं बसायची हौस?" तो हसतो, आणि ती चाळणी घेऊन पाठ फिरवते.

नऊ वाजता जयराज यंत्र सुरू करतो. तुझी ओळ उमटते. ती मनात वाचून पुढे जाणे त्याला जमत नाही. खुर्चीवरून उठतो, सरळ उभा राहतो आणि मोठ्याने वाचतो, "पेव चौदामध्ये कोणी उतरू नये."

पायरीवरचा गुंडा हातातली कपबशी खाली ठेवतो. पटका चाचपतो. "व्हय जी," म्हणतो, "न्हाई उतरत."

मग जरा वेळाने आत वळून विचारतो, "कवा आला निरोप?"

जयराज रोज त्याला सांगतो, "आत्ताच."

तुझा,
हरीकाका